इमॅजिकाजवळचं हॉटेल: पहिल्या फोनपासून सुधारित बिलापर्यंत

बडोद्याहून इमॅजिकाला, म्हणजे खोपोलीजवळच्या मनोरंजन पार्कला, जायचं ठरलं की रेल्वेचं तिकीट, पार्कचं तिकीट, बॅगा असं सगळं आठवतं आणि हॉटेल 'बघू, मिळेल काहीतरी' यावर राहतं. आम्हीही तसंच धरून चाललो होतो. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त फोन, सगळ्यात जास्त आकडेमोड आणि घरातले सगळ्यात जास्त वाद हॉटेलवरूनच झाले. जुलैच्या मध्यावर शोधायला लागलो, मुक्काम ऑक्टोबरच्या शेवटी झाला आणि बिलाचा शेवटचा कागद नोव्हेंबरात मिळाला. माणसं पाच: आम्ही दोघं, गुडघ्यांनी बेजार असलेली आई, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. तीन पिढ्या एका हॉटेलात बसवायच्या असतील तर हा हिशेब उपयोगी पडेल.

सुरुवात तारखेपासून. गुजरातेत शाळांना दिवाळीची सुटी जवळजवळ तीन आठवडे असते, त्यामुळे 'दिवाळीच्या सुटीत' एवढं म्हणून भागत नाही. २०२५ मध्ये बेसतुं वर्ष, म्हणजे गुजराती नववर्ष, २२ ऑक्टोबरला होतं आणि लाभपांचम २६ ला. मधल्या दिवसांत बडोदं, सुरत, अहमदाबाद सगळीकडची दुकानं बंद असतात आणि अख्खा गुजरात घराबाहेर पडतो. त्यातला चांगला मोठा भाग लोणावळा-खंडाळ्याकडे येतो. लाभपांचमीला मुहूर्त करून शटर वर गेलं की ही गर्दी ओसरते. दुसऱ्या टोकाला २ नोव्हेंबरला तुलसी विवाह होता. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात आणि लॉन असलेल्या हॉटेलांत रात्री उशिरापर्यंत डीजे वाजतो. म्हणून या दोन्हींच्या मधले २९ ते ३१ ऑक्टोबर, बुधवार ते शुक्रवार, असे दिवस काढले. एकाच हॉटेलने एकाच खोलीसाठी फोनवर सांगितलेले दर असे: २४ ऑक्टोबरला ७,९०० रुपये, शनिवारी १ नोव्हेंबरला ६,४००, आणि आमच्या बुधवार-गुरुवारी ४,६००. नंतर कितीही घासाघीस केली असती तरी एवढे पैसे वाचले नसते.

मग नकाशा. 'इमॅजिकाजवळ' असं शोधलं की लोणावळा, खंडाळा, कर्जत, खोपोली, पनवेल, सगळंच जवळ म्हणून समोर येतं. पार्क रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. म्हणजे बोरघाटाच्या खाली. लोणावळा-खंडाळा घाटाच्या वर. लोणावळ्यापासून अंतर तीसेक किलोमीटरच आहे, पण ते घाटातलं आहे. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून पुण्याकडे जाणारी गर्दी आणि रविवारी परतणारी गर्दी याच घाटात अडकते. रात्री आठला पार्कमधून निघालेली, दिवसभर चाललेली, अर्धी झोपलेली मुलं घेऊन घाट चढायचा की नाही, हा खरा प्रश्न. लोणावळ्याची हॉटेलं देखणी आहेत, पर्याय भरपूर आहेत, थंडही वाटतं. पण तिथे राहायचं तर लोणावळा बघायला राहावं. पार्कसाठी राहायचं तर घाटाखालीच.

घाटाखाली तीन तऱ्हा दिसल्या. पार्कला लागूनच नोव्होटेल आहे. चालत जाता-येता येतं, दुपारी धाकट्याला झोपवायला खोलीवर आणता येतं, पण आम्हाला दोन खोल्या लागणार असल्याने तिथला हिशेब आमच्या आवाक्याबाहेर गेला. एकच मूल आणि एकच खोली असेल तर तिथला दर नक्की विचारून बघा, कारण गाडीचा खर्च सगळा वाचतो. दुसरी तऱ्हा खोपोली गाव आणि पाली रस्त्यावरची मध्यम हॉटेलं आणि रिसॉर्ट. तिसरी पनवेल. तिथे हॉटेलं बरी मिळतात, रात्री-अपरात्री खायला मिळतं, रेल्वे स्टेशन मोठं आहे, पण पार्क चाळीसेक किलोमीटरवर राहतो. कर्जतची शेतघरं मोठ्या मित्रमंडळींना ठीक. पाच माणसांना तिथे अख्खं घर घ्यावं लागतं.

नकाशावर अंतर बघताना दोन गोष्टी कराच. निघण्याची वेळ आपल्या खऱ्या दिवसाची घाला, म्हणजे गुरुवार रात्री आठ. आत्ता घरी बसून दुपारी तीनला दाखवलेली वेळ काही कामाची नाही. दुसरं, हॉटेल मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या कोणत्या अंगाला आहे ते उपग्रहाच्या चित्रात बघा. त्या मार्गावर मनात येईल तिथे वळता येत नाही, बाहेर पडायच्या जागा ठरलेल्या आहेत. आमच्या यादीतलं एक हॉटेल पार्कपासून 'साडेचार किलोमीटर' दिसत होतं. रस्त्याने मोजलं तर चौदा निघाले. शिवाय द्रुतगती मार्गावर रिक्षा आणि दुचाकी चालत नाहीत, त्यामुळे 'रिक्षा मिळेल हो' असं कुणी सांगितलं तर ती कोणत्या रस्त्याने येणार ते विचारा.

आईचा एक मुद्दा यात आपोआप बसला. पार्क ज्या रस्त्यावर आहे तोच पुढे पालीला बल्लाळेश्वराला जातो, आणि महडचा वरदविनायक खोपोलीजवळच आहे. अष्टविनायकांतले दोन गणपती हॉटेलच्या दोन बाजूंना. लोणावळ्याचा विषय घरात कायमचा मिटला तो वाहतुकीच्या युक्तिवादाने नव्हे, या दोन गणपतींमुळे.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात अकरा हॉटेलांची यादी केली आणि फोन लावले. फोन दुपारी तीन ते पाचच्या मध्ये करावा. सकाळी काउंटरवर खोल्या सोडणाऱ्यांची गर्दी असते, रात्री जेवणाची. पहिले दोन फोन फुकट गेले, कारण आम्ही 'सोयी काय काय आहेत?' असं विचारलं आणि पलीकडून वेबसाइट वाचून दाखवली गेली. मग प्रश्न बदलले. 'लिफ्ट आहे का?' याला उत्तर नेहमी 'आहे' असतं. 'लिफ्टपर्यंत जायला पायऱ्या किती?' विचारलं तर एका ठिकाणी सात निघाल्या. 'गरम पाणी चोवीस तास आहे का?' ऐवजी 'गिझर खोलीत आहे की गच्चीवर सोलर?' असं विचारा. सोलरचं पाणी सकाळी सगळ्यांनी वापरलं की संपतं, आणि पार्कमधून भिजून येणारं कुटुंब रात्री नऊला आंघोळ करतं. 'जनरेटर आहे का?' याला जोडून 'त्यावर एसी चालतो की फक्त दिवे-पंखे?'. बाथरूमच्या दाराशी उंबरा किती, कमोडशेजारी धरायला दांडी आहे का, फरशी कोरडी राहते का. आईसाठी हे तीन प्रश्न पोहण्याच्या तलावापेक्षा मोलाचे होते. तलावाबद्दल विचारायचंच तर उथळ भाग किती फूट आणि संध्याकाळी किती वाजता बंद होतो ते विचारा. बहुतेक ठिकाणी अंधार पडला की बंद. पार्कच्या दिवशी तो नुसता खिडकीतून बघायला उरतो.

'फॅमिली रूम' या शब्दावर अजिबात जाऊ नका. एका ठिकाणी त्याचा अर्थ दोन डबल बेड होता, दुसरीकडे एक डबल बेड आणि सोफा, तिसरीकडे नेहमीचीच खोली आणि जमिनीवर गादी. 'एक्स्ट्रा बेड' म्हणजे चाकांचा पलंग की गादी, हे विचारून घ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवरच्या गादीवरून उठता येत नाही. दोन खोल्या घेणार असाल तर 'कनेक्टिंग' आणि 'शेजारच्या' यांत फरक आहे. कनेक्टिंग म्हणजे मधल्या भिंतीत दार. शेजारच्या म्हणजे नुसत्या शेजारच्या. आणि काहीही सांगितलं तरी ती 'विनंती' असते. खोली क्रमांकासह मेलवर लिहून आलं तरच धरून चाला.

जेवणाची अक्षरंही समजून घ्यावी लागतात. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे नाश्त्यासह, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही. पार्कच्या दिवशी दुपारचं जेवण हॉटेलात होऊच शकत नाही, आणि बाहेरचं खाणं पार्कात नेऊ देत नाहीत, म्हणजे ते पैसे आत द्यायचेच. त्यामुळे एपी बाद. एमएपी घ्यायचं तर रात्रीचा बुफे किती वाजता उचलतात ते विचारा. एका ठिकाणी साडेनऊ म्हणाले. आठला पार्क सोडून, गाडीपर्यंत चालून, खोलीवर जाऊन, आंघोळी आटोपून साडेनऊला ताटावर बसणं मुलं बरोबर असताना जमत नाही. आम्ही सीपी घेतलं आणि नाश्ता किती वाजता लागतो हे दोनदा विचारून घेतलं. आठ म्हणाले तर चालेल, नऊ म्हणाले तर पार्क उघडताना दाराशी पोचणं विसरा.

आता मुलांचं. तीन ठिकाणी तीन मापं लागतात आणि घोळ इथेच होतो. रेल्वेत वय बघतात: पाच वर्षांखालच्याला वेगळी जागा नको असेल तर तिकीट नाही, पाच ते बारामध्ये बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं. हॉटेलातही वय बघतात, पण मर्यादा प्रत्येकाची निराळी. कुणी पाचपर्यंत फुकट म्हणतं, कुणी सहा, कुणी आठ, आणि 'फुकट' म्हणजे फक्त झोपणं, नाश्ता वेगळा. पार्कात वय कुणी विचारत नाही, तिथे उंची बघतात, तिकिटालाही आणि राइडलाही. म्हणून निघण्याआधी मुलांना चप्पल काढून भिंतीशी उभं करून मोजा आणि मगच पार्कची तिकिटं काढा. नायट्रोसारख्या मोठ्या रोलरकोस्टरसाठी आपलं मूल बसत नाही हे रांगेच्या टोकाशी कळलं तर त्या दिवशीचा मूड गेलाच म्हणून समजा. हॉटेलसाठी मुलांच्या वयाचा पुरावाही बरोबर ठेवा, आधार किंवा शाळेचं ओळखपत्र.

पाच जणांचा खोलीचा हिशेब हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा. यादी दोन हॉटेलांवर आली होती. पहिल्याकडे मोठी फॅमिली खोली ८,२०० रुपये. दुसऱ्याकडे साध्या दोन खोल्या, प्रत्येकी ४,६०० नाश्त्यासह. वरवर बघता ८,२०० विरुद्ध ९,२००. पण हॉटेलचा जीएसटी खोलीमागे, रात्रीमागे आणि दराच्या टप्प्यावर लागतो. साडेसात हजारांवरच्या खोलीला १८ टक्के. त्याखालच्या खोलीला ऑगस्टमध्ये १२ टक्के होते. म्हणजे मोठी खोली ९,६७६ आणि दोन खोल्या १०,३०४. फरक ६२८ रुपयांवर आला, आणि त्यात दोन बाथरूम, दोन एसी, आईला स्वतःचा पलंग. मोठ्या खोलीत आईला सोफ्यावर किंवा गादीवर झोपावं लागलं असतं. आम्ही दोन खोल्यांकडे गेलो.

दर ७,५०० च्या आसपास असेल तर हा टप्पा लक्षात ठेवाच. आजच्या दरांनी (साडेसात हजारांपर्यंत आता ५ टक्के, वर १८) ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. खोलीच्या दरातला फरक दोनशेचा, खिशातला जवळजवळ बाराशेचा. काउंटरवर 'थोडे वाढवून वरची खोली घ्या' म्हणाले की आधी मनात हा गुणाकार करायचा. ज्या हॉटेलात साडेसात हजारांवर खोल्या जातात तिथल्या उपाहारगृहातही जेवणावर १८ टक्के लागू शकतात. साध्या हॉटेलात ५.

बुकिंगच्या साइटवर माणसं भरतानाही एक खुबी आहे. '३ मोठे, २ मुलं' असं एकत्र टाकलं की यंत्र जादा गादीचे पैसे लावतं. खोलीवार भरा: पहिल्या खोलीत दोन मोठे आणि चार वर्षांचा, दुसऱ्या खोलीत एक मोठी व्यक्ती आणि नऊ वर्षांची. डबल खोलीचा दर दोघांचाच असतो, त्यामुळे आजीबरोबरची नात त्यात बसते. आम्हाला साइटवर दिसलेला दर आणि थेट फोनवरचा दर यांत खोलीमागे तीनशेचा फरक होता, फोनवरचा कमी. 'परत न मिळणारा' दर आणखी साताठशेंनी स्वस्त होता, तो मुद्दामच घेतला नाही, कारण रेल्वेचं तिकीट अजून हातात नव्हतं.

थेट पैसे भरताना मात्र सावध राहावं लागतं. हॉटेलांच्या नावाने खोट्या साइट आणि नकाशावर बदललेले फोन नंबर, हा धंदा जोरात आहे. आम्ही हॉटेलकडून जीएसटी क्रमांक मागवला आणि जीएसटीच्या पोर्टलवर करदाता शोधण्याच्या जागी टाकून बघितला. क्रमांक पंधरा अक्षर-आकड्यांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७, आपल्या गुजरातचे २४. खोपोलीच्या हॉटेलचा क्रमांक २७ ने सुरू होत नसेल तर थांबायचं. पोर्टलवर मालकाचं आणि धंद्याचं नाव दिसतं, ते यूपीआयवर दिसणाऱ्या नावाशी जुळतंय का बघायचं. यादीतल्या एका 'रिसॉर्ट'चे पैसे कुणा व्यक्तीच्या खात्यावर मागत होते आणि क्रमांक द्यायला टाळाटाळ चालली होती. ते नाव खोडलं. चुकून पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर लगेच तक्रार करायची, तास-दोन तासही घालवायचे नाहीत.

२८ ऑगस्टला, गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, दोन खोल्या मोफत रद्द करता येतील अशा दराने धरून ठेवल्या. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी एकशेवीस होते), म्हणजे २९ ऑक्टोबरच्या गाडीसाठी ३० ऑगस्ट, सकाळी आठ. गौरी यायच्या आदल्या दिवशी, घरात फराळाची भांडी घासली जात असताना, एकजण फोन घेऊन बसला. हॉटेल आधी धरायचं आणि तिकीट मिळाल्यावर पक्कं करायचं, हा क्रम उलटा करू नका. गाडीची निवडसुद्धा हॉटेलनेच ठरवली. रात्रीच्या गाडीने पहाटे उतरलो असतो आणि खोली मिळणार दुपारी दोनला. लवकर ताबा हवा तर अर्ध्या दिवसाचे पैसे. म्हणून सकाळची गाडी घेतली, दुपारी बोरिवलीला उतरून पुढे भाड्याची गाडी. मुंबईत न जाता पनवेलला उतरायचं असेल तर वसई रोडवरून कोकणाकडे जाणाऱ्या गाड्या बघा, त्या बडोद्याला थांबतात. मात्र वेळा हॉटेलच्या दुपारी दोनशी जुळवून घ्या.

तिकीट निघालं. २ सप्टेंबरला हॉटेलला ५,००० रुपये आगाऊ भरले. दुसऱ्याच दिवशी, ३ सप्टेंबरला, जीएसटी परिषदेने दर बदलल्याची बातमी आली: साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवर २२ सप्टेंबरपासून १२ ऐवजी ५ टक्के. घरात पहिली प्रतिक्रिया 'अरे, एक दिवस थांबायला हवं होतं!' अशीच होती. पण तसं नसतं. राहणं आणि बिल दोन्ही नव्या तारखेनंतरचं असेल तर आगाऊ रक्कम आधी दिली म्हणून जुना दर लागत नाही. खोलीमागे ५,१५२ चे ४,८३० होतात, दोन खोल्या दोन रात्री मिळून १,२८८ रुपये कमी. हॉटेलला मेल केला, 'बिल त्या वेळच्या दराने होईल' असं एका ओळीचं उत्तर आलं. ती ओळ जपून ठेवली आणि बरंच केलं.

मधला दीड महिना काही करायचं नव्हतं. निघण्याच्या पाच दिवस आधी पुन्हा एक फोन केला. यात चार गोष्टी पक्क्या करून घेतल्या: खोल्या एकाच मजल्यावर आणि लिफ्टजवळ, लॉनवर कुणाचं लग्न-वाढदिवस नाही, गुरुवारी आईचा उपास, तेव्हा नाश्त्याला साबुदाण्याची खिचडी, आणि पार्कला जा-ये करायला गाडी. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. तिथे मुंबईसारखी ॲपवर रात्री गाडी मिळेल या भरवशावर राहू नका. जाताना काहीही मिळतं, येताना हजारो माणसं एकाच वेळी बाहेर पडतात. हॉटेलने सांगितलेला गाडीवाला १,२०० रुपयांत सकाळी सोडून रात्री परत आणायला तयार झाला. त्याचा नंबर आदल्या रात्रीच घेतला. परदेशी पासपोर्टवाले भाऊ-बहीण बरोबर असतील, आणि बडोद्यात ते प्रत्येक घरात असतात, तर हॉटेलला याच फोनवर सांगून ठेवा. त्यांची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन कळवणं हॉटेलला बंधनकारक असतं, आणि पासपोर्ट बॅगेच्या तळाशी असेल तर काउंटरवर अर्धा तास जातो.

बुधवारी २९ ला बोरिवलीहून सात आसनी गाडी ३,८०० रुपयांत मिळाली, टोल वेगळा. घोडबंदर रस्त्यावर अपेक्षेप्रमाणे अडकलो, हॉटेलला पोचायला पावणेपाच वाजले. ओळखपत्रं सगळ्या मोठ्यांची मागतात. आम्ही आधारची झाकलेली प्रत, म्हणजे फक्त शेवटचे चार आकडे दिसतात ती, आधीच छापून नेली होती. काउंटरवरच्या मुलाने आधी 'पूर्ण नंबर लागेल' म्हटलं, मग वाहन परवाना चालेल म्हणाला. आईकडे मतदार ओळखपत्र होतं. मूळ कार्ड कुणाच्या ताब्यात देऊन ठेवायचं कारण नाही.

त्यानंतर मुलीच्या नाश्त्याचे ३५० रुपये दर दिवसाचे मागितले. कारण त्यांच्या पडद्यावर पाच माणसं एकाच नावावर आली होती आणि नऊ वर्षांची 'जादा मूल' म्हणून दिसत होती. खोलीवार वाटणी असलेला मेल दाखवला. वीस मिनिटं आणि व्यवस्थापकाला एक फोन, मग ते पैसे बिलातून निघाले. मेल कागदावर छापलेला असेल तर काम भराभर होतं, मोबाइलचा पडदा कुणी नीट वाचत नाही. खोल्या एकाच मजल्यावर मिळाल्या, पण शेजारच्या नाहीत, मध्ये तीन दारं. मान्य केलं. ताबा घेतल्यावर सामान उघडण्याआधी पाच मिनिटांत तपासून घ्या: गिझर चालू करून पाणी, एसी, बाथरूमचं पाणी तुंबतंय का, खिडकीची कडी आणि बाल्कनीच्या गजांमधलं अंतर. आईच्या खोलीतला गिझर तापतच नव्हता. सामान बंद असल्यामुळे खोली दहा मिनिटांत बदलून मिळाली, आणि गंमत म्हणजे बदललेली खोली आमच्या शेजारचीच निघाली.

गुरुवारच्या पार्कबद्दल थोडंच, कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. नाश्ता आठला, खिचडी आली (शेंगदाण्याचं कूट कमी होतं असं आईचं मत), सव्वादहाला दाराशी. नायट्रोसारख्या लांब रांगांच्या गोष्टी सकाळी, राजासॉरस ही पाण्याची राइड दुपारी ऊन असताना, पार्कमधली मिरवणूक संध्याकाळी. आई दुपारनंतर थकली तेव्हा हॉटेल चालत जाण्याच्या अंतरावर नाही हे जाणवलं. आत बसायला सावली आणि थंड नाट्यगृहं आहेत, तिथे तिने तास काढला. ज्यांच्याबरोबर तान्हं मूल किंवा फार थकणारी वडीलधारी माणसं आहेत त्यांनी लागूनच्या हॉटेलचे जादा पैसे या दुपारच्या दोन तासांसाठी मोजावेत. एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर परत आत घेतात का, हे तिकीट काढतानाच विचारा. भिजलेले कपडे रात्री वाळत घालायला आम्ही घरून दोरी आणि चिमटे नेले होते, हॉटेलात ते मिळत नाहीत. गाडीवाला आठ वाजून दहा मिनिटांनी फाटकाशी होता, पंचवीस मिनिटांत खोलीवर आलो. धाकटा गाडीतच झोपला.

त्या रात्रीच्या जेवणाच्या बिलावर दहा टक्के सेवा शुल्क लावलं होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते आपोआप बिलात घालता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. आवाज न चढवता 'हे काढा' म्हटलं, काढलं. ज्याने वाढलं त्याच्या हातात स्वतंत्रपणे शंभर रुपये दिले.

शुक्रवारी पहाटे सहाला उठून पालीला गेलो. बल्लाळेश्वराला गर्दी नव्हती, साडेदहाला परत. अकराला खोली सोडायची होती, म्हणून बॅगा रात्रीच भरून ठेवल्या होत्या. बिल सोडण्याच्या सकाळी मागू नका, आदल्या रात्री कच्चं मागा. आम्ही हे केलं नाही. पावणेअकराला हातात आलेल्या बिलात कर १२ टक्क्यांनी होता, कारण आरक्षण ऑगस्टचं आणि संगणकात दर तेव्हाचाच राहिलेला. तो एक ओळीचा मेल इथे कामाला आला. काउंटरवरच्या माणसाला पटलं, पण यंत्रात बदल करायचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. हिशेबनीस दुपारनंतर येणार. आम्ही उरलेली रक्कम ५ टक्क्यांच्या हिशेबाने भरली, म्हणजे १९,३२० वजा आगाऊ ५,०००, एकूण १४,३२०. तेवढ्याची पावती सहीशिक्क्यासह घेतली आणि सुधारित बिल मेलवर पाठवतील असं त्याच पावतीवर लिहून घेतलं. हॉटेल महाराष्ट्रात असल्याने कर अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के महाराष्ट्राचा असा दोन ओळींत येतो. आपण गुजरातचे म्हणून तिथे आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लिहिलेला दिसला तर तोही चुकीचाच.

वाटेत महडला वरदविनायक, मग बोरिवलीकडे. शुक्रवारची गर्दी समोरून पुण्याकडे जात होती, आमची बाजू मोकळी होती. रात्रीच्या गाडीने बडोदं गाठलं.

दोन दिवस वाट बघून ३ नोव्हेंबरला हॉटेलला आठवण केली, ५ ला पुन्हा. सुधारित बिल ६ तारखेला सकाळी मेलवर आलं, खोलीमागे रात्रीला ११५ अधिक ११५ असा कर लावलेलं. त्याच दिवशी मुलांची शाळा उघडली.